काठावरचा देवदार

अठ्ठेचाळीस सालच्या सप्टेंबरात आमची पलटण काश्मीरमधल्या एका खोऱ्यात पिकेटवर, म्हणजे पुढच्या चौकीवर, होती. मी लान्स नाईक, इंटेलिजन्स सेक्शनमध्ये. हे नाव ऐकून लोकांना वाटते मी गुप्तहेर होतो. तसले काही नव्हते. समोरचा डोंगर कागदावर उतरवायचा, शत्रूचा बंकर दिसला की तिथे खूण करायची आणि कागद वर पाठवायचा, एवढेच माझे काम. भरती होण्याआधी मी पुण्यात इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिली होती आणि दुकानांच्या पाट्या रंगवत होतो, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडले. पलटणीत मला सगळे पेंटर म्हणत.

ते नाव मला नाईक गेनू जाधवने दिले. मी चिंचवडचा, तो चिखलीचा. मध्ये दोन तासांची पायवाट. गावी असताना आम्ही एकमेकांना ओळखतही नव्हतो, ट्रेनिंग सेंटरमध्ये एका बराकीत पडलो आणि मग सुटलो नाही. गेनू उंच, सावळा, घसा मोठा. डावा कान वरून फाटून वेडावाकडा जुळलेला. लहानपणी बैलाने शिंग मारले होते. थंडीत तो कान लालभडक व्हायचा.

"पेंटर, कवा माझं चित्र काढलंस तर ह्यो कान पल्याडच्या अंगाला घे," तो म्हणायचा.

"मग तुला ओळखणार कोण?" मी म्हणायचो.

डोंगराच्या स्केचचे नियम ठरलेले असतात. शिकवणारे हवालदार साहेब पहिल्याच तासाला म्हणाले होते, "चित्र काढायचं नाही. दिसतं ते उतरवायचं." अंतर मोजायला बोटे. हात सरळ पुढे धरायचा, एक डोळा मिटायचा आणि दोन वस्तूंच्या मध्ये किती बोटे बसतात ते बघायचे. हजार यार्डांवर एक बोट म्हणजे तीस-पस्तीस यार्ड. ज्याला समोरचा डोंगर दिसत नाही, तो माणूसही त्या आकड्यावरून तोफ लावू शकतो. आमचे मॉर्टर, म्हणजे उखळी तोफा, मागच्या उताराला होते. त्यांना डोंगर दिसत नव्हता. त्यांना दिसायचा तो माझा कागद.

समोरच्या धारेवर एकच देवदार होता. त्या दिवशी सकाळी मॉर्टरवाल्यांनी त्याच्यावर रेंज, म्हणजे माऱ्याचे अंतर, जुळवून ठेवली होती. त्याच्या डावीकडे दगडांच्या आड एलएमजीचा, म्हणजे हलक्या मशीनगनचा, बंकर. उद्या पहाटे गेनूचा सेक्शन, म्हणजे त्याची दहा जणांची तुकडी, तिकडून चढणार होता. दुपारी साडेतीनला मी स्केचला बसलो. धार डावीकडून ओढत आणली. बंकर आला. देवदारापाशी पोहोचलो तेव्हा कागद संपत आला होता. झाड अगदी काठावर, निम्मे कागदाबाहेर जात होते.

ड्रॉइंगच्या वर्गात माझ्याकडून चार वर्षे एकच गोष्ट घोकून घेतली होती. झाड काठाला कापायचे नाही, चित्र कलंडते. माझा हात आपोआप आत सरकला. झाड पूर्ण बसले. छान बसले. आकडे नंतर भरू म्हटले. पाचच्या सुमाराला ऊन गेले, धारेवर सावली आली. मी खाली आलो आणि आकडे डोंगरावरून न मोजता कागदावरून मोजून लिहिले. देवदार रेफरन्स पॉइंट, मोजायला सुरुवात तिथून. बंकर डावीकडे तीन बोटे.

खरी होती पाच.

दुसऱ्या दिवशी पाच पन्नासला मी ओपीवर, म्हणजे टेहळणीच्या जागेवर, फील्ड टेलिफोन घेऊन बसलो होतो. धारेवर धुके. देवदाराचा शेंडा तेवढा वर. सहाला गेनूचा सेक्शन नाल्यातून निघाला. सहा चारला मॉर्टर सुरू झाले. टेलिफोनवर मॉर्टर प्लाटूनचे जमादार साहेब.

"ओपी, फायर कसा?"

मी हात पुढे धरला. झाडापासून धुरापर्यंत तीन बोटे. कागदावर तीन. मी कागद बघितला आणि खाली ठेवला.

"बरोबर, साहेब."

"नक्की?"

"नक्की."

धुक्यामुळे बंकर दिसत नव्हता. न दिसणाऱ्या बंकरापेक्षा मी माझ्या कागदावर विश्वास ठेवला. सहा अकराला धुके फाटले आणि एलएमजीच्या तोंडचा जाळ दिसला. धुरापासून दोन बोटे डावीकडे. त्याच्या खाली उघड्या उतारावर आमची माणसे.

"साहेब, दोन बोटे डावीकडे."

"मघाशी बरोबर म्हणालास."

"दोन बोटे डावीकडे, साहेब. लवकर."

तिसऱ्या बॉम्बला एलएमजी बंद पडली. नऊच्या सुमाराला धार आमच्या ताब्यात आली. तोवर तीन जण गेले होते. नाईक गेनू जाधव आणि त्याच्यामागचे दोन शिपाई, लक्ष्मण आणि दत्तू. लक्ष्मण साताऱ्याकडचा. आदल्या संध्याकाळी त्याने माझ्याकडून मुलीसाठी कागदावर मोर काढून घेतला होता. दत्तू कोकणातला, फार बोलायचा नाही.

रिपोर्टात लिहिले गेले, धुक्यामुळे सुरुवातीचा फायर चुकला. मला कोणी विचारले नाही. मी सांगितले नाही. स्केचचा कागद माझ्याकडे परत आला. तो जाळावा असे पुष्कळदा वाटले. जाळला नाही.

पन्नास साली मी पलटण सोडली. पुण्यात ड्रॉइंग टीचरचे सर्टिफिकेट घेतले आणि चिंचवडच्या एका हायस्कुलात लागलो. सकाळी शाळा, दुपारनंतर स्टेशनजवळच्या खोलीत पाट्या आणि जाहिरातींची कामे. ते दिवस बोर्डांचे होते. मुंबईच्या रस्त्याला एकेक कारखाना उभा राहत होता. पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतल्या सिंधी मंडळींनी दुकाने मांडली होती. त्यांची अक्षरे मला वाचता येत नसत. नमुन्यावरून ठिपकान् ठिपका मोजून उतरवत असे. दुकानदार खूष. म्हणायचे, असा खात्रीचा माणूस मिळत नाही.

खात्री म्हणजे काय होती ती मला माहीत. पिंपरीच्या एका कारखान्याच्या फाटकाजवळ मी माल उतरवण्याच्या जागेकडे बाण दाखवणारा बोर्ड लावला. घरी येऊन पानावर बसलो आणि घास तोंडात फिरेना. बाण डावीकडे काढला की उजवीकडे? उठलो, सायकल काढली, चिंचवडहून परत पिंपरीला. बाण बरोबर होता. त्या आठवड्यात असे तीनदा गेलो.

"बाण काय तुमच्या पाठीमागं फिरायला जातो का?" आमची मंडळी म्हणाली. तिला मी काही सांगितले नव्हते. ती हसली, मीही हसलो आणि चौथ्यांदा गेलो ते तिला न सांगता.

वर्गातही तेच. मुलांनी बादली आणि तांब्या काढताना तांब्या जरा आत घेतला की माझे डोके फिरायचे. "हात पुढे धर. मोज. किती बोटं? कागदावर किती?" चांगल्या हाताची मुलेही रडकुंडीला येत. माझ्यामागे ती मला बोटंमास्तर म्हणत. मला ठाऊक होते. हेडमास्तर एकदा म्हणाले, "अहो, जरा सौंदर्यदृष्टी येऊ द्या मुलांना." मी बरे म्हटले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटे मोजायला लावली.

चिखलीला मात्र मी एकदाही गेलो नाही. दोन तासांची वाट. तिकडची दोन कामे आली, दोन्ही वेळ नाही म्हणून परत पाठवली. कुणी चिखलीचा माणूस स्टेशनवर दिसला तर मी रंगाचे डबे आवरायला वाकायचो.

अशी सहा-सात वर्षे गेली. एका डिसेंबरात, शाळा सुटल्यावर मी खोलीत बोर्ड घासत होतो. दारात एक म्हातारा उभा. उंच, पटका बांधलेला, हातात काठी. मी चेहरा पाहिला आणि माझ्या हातातला पॉलिशचा कागद खाली पडला. कान तेवढे दोन्ही सरळ होते.

"पेंटर मास्तर तुमीच न्हवं? म्या सोनबा जाधव. चिखलीचा. गेनूचा बा."

मी स्टूल पुढे केले. ते बसले नाहीत.

"तुमी त्याच्यासंगं हुता म्हणं. पत्रात तुमचं नाव असायचं. पेंटर असं म्हणतो, पेंटर तसं म्हणतो." त्यांनी काठी दाराला टेकवली. "गावात शाळंची नवी खोली बांधलीय. सव्वीस जानेवारीला उघडायची. पंच म्हणालं, गेनूचा फोटू लावू. पर फोटू हाय कुठं? एकच हुता, घर गळलं आन् त्यो धुऊन गेला. त्याचं त्वांड ध्येनात असलेला चितारी तुमीच."

मी घासत होतो तो बोर्ड भिंतीला टेकवला.

"आन् त्या दिशी तुमी दोन शब्द बोलायचं. त्यो कसा लढला ते. आमाला काय ठावं न्हाई. नुसती तार आली."

नाही म्हणायला तोंड उघडले आणि हो म्हणालो. ते गेल्यावर मी खाली पडलेला पॉलिशचा कागद उचलला.

ड्रॉइंगच्या परीक्षेत मेमरी ड्रॉइंग नावाचा पेपर असतो. समोर काही नसते, आठवून काढायचे. मी मुलांना तो शिकवत होतो. आता माझी पाळी. गेनूचे कपाळ, जाड भुवया, हनुवटीवरची खळगी सगळे पहिल्या दिवशी आले. मला भीती होती की आठवणार नाही. खरी भीती वेगळी निघाली. तो इतका आठवला की खोलीत पाऊल टाकणे जड जाऊ लागले. बोलायचे दोन शब्दही मी लिहायला घेत होतो. "धुक्यामुळे" हा शब्द आला की पेन थांबायचे. तो रिपोर्टातला शब्द होता. तो म्हटला की भाषण सोपे होते, टाळ्या मिळतात आणि मी घरी येऊन जेवतो. जानेवारी उजाडला तरी माझ्याकडे तेवढाच एक शब्द होता.

दहा जानेवारीला सोनबा चित्र बघायला आले. मी वरचे फडके काढले. ते बराच वेळ बघत राहिले. हात पुढे नेला, पण रंगाला लावला नाही.

"त्योच हाय," ते म्हणाले. मग घसा साफ करून, "मास्तर, एक करा. कान सरळ काढा."

"का, नाना?"

"देखणा दिसंल. पोरं बघणार, पाव्हणं येणार. सरळ काढला तर काय बिघडतंय? कुणाला कळतंय?"

काय बिघडते ते मला माहीत होते. मी म्हटले, "नाना, मला नाही करता येणार."

"पैसं जास्ती घ्या."

"पैशाचं नाही. एकदा मी असंच छान दिसावं म्हणून काढलं होतं. त्यात गेनू गेला."

त्यांना काहीच कळले नाही. मी ट्रंकेतून तो कागद काढला, टेबलावर पसरला. झाड दाखवले, बंकर दाखवला. त्यांचा हात धरून सरळ पुढे केला आणि बोटे कशी मोजतात ते दाखवले. खिडकीतून स्टेशनचा सिग्नल आणि पाण्याची टाकी दिसत होती, त्यावर त्यांना मोजायला लावले. शेतकरी माणूस, अंतर त्यांना माझ्याआधी कळले. मग सगळे सांगितले. वेळेसकट. दोनदा फायर बरोबर आहे म्हणालो तेही.

ते म्हणाले, "म्हंजी सात मिन्टं."

"हो. सात."

"त्या सात मिन्टांत तुमी डोंगराकडं बघितलं न्हाई?"

"बघितलं. पण कागद खरा धरला."

ते उठले. काठी घेतली. दारात वळतील असे वाटले. वळले नाहीत.

पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. दारात सावली पडली की मी हातातला ब्रश खाली ठेवायचो. वाटायचे, चिखलीची माणसे येतील, शाळेत येऊन हेडमास्तरांसमोर विचारतील. यावीत असेही वाटायचे. वर्गात एकदा मुलाचा तांब्या दोन बोटे सरकला होता आणि मी काही बोललो नाही. मुले एकमेकांकडे बघू लागली. त्या दिवशी मंडळीला सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "आता बाण बघायला जाऊ नका. चुकलेला बाण तो नव्हेच." मग पदर डोळ्यांना लावला.

अठराव्या तारखेला दुपारी बैलगाडी येऊन थांबली. सोनबा उतरले आणि त्यांच्यामागून गेनूची आई. लहानखुरी बाई. मी त्यांना प्रथमच पाहत होतो. पाया पडायला वाकलो तर त्या बाजूला झाल्या. तेवढे मला लागले. पण ते योग्यच होते.

त्यांनी स्वतः फडके काढले. थेट कानाकडे बघितले.

"कान बरोबर हाय," त्या म्हणाल्या.

सोनबा खाली बघत होते. "तवा सात वर्साचा हुता," ते म्हणाले. "माजोरी बैल. म्याच सांगितलं, जा, सोडून आण. गडी घरात हुता, पर मला वाटलं पोरगं धीट हुईल. ह्या बाईनं आजवर मला त्याबद्दल एक सबूद इचारला न्हाई." मग चित्राकडे वळून म्हणाले, "कान तसाच ऱ्हाऊ द्या."

मी रडलो. पलटणीत रडलो नव्हतो, तेव्हाचे तिथे बाहेर आले. कुणी मला उगी केले नाही आणि कुणी उठूनही गेले नाही.

गेनूच्या आई माझे रडणे होईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "त्यो कागुद दावा." मी दाखवला. "ह्ये झाड?"

"हो."

"खरं कुठं हुतं?"

मी कागदाच्या काठाबाहेर टेबलावर बोट ठेवले. निम्मे कागदावर, निम्मे लाकडावर.

"मंग गेनूच्या मागं त्यो डोंगर काढा. आन् झाड जिथं हुतं तिथं काढा. तुमाला माफ केलं आसं म्या म्हणत न्हाई, मास्तर. झाड काढा."

सोनबा म्हणाले, "शाळंत काय बोलायचं ते तुमचं तुमी ठरवा."

मागची जागा मी निळसर राखी रंगाने सपाट भरली होती. ती खरवडली. पाच दिवस लागले. धार डावीकडून ओढत आणली. गेनूच्या खांद्याच्या डावीकडे दगड, दगडांच्या उजवीकडे पाच बोटे मोजली आणि देवदार आला तो कॅनव्हासच्या अगदी काठावर. निम्मा बाहेर. हात पुन्हा आत सरकू बघत होता. मी डाव्या हाताने मनगट धरून ठेवले आणि निम्मे झाड काढले.

सव्वीसला सकाळी आठला झेंडा झाला. नव्या खोलीत मुले दाटीवाटीने बसली होती, भिंतीला टेकून गाव उभा. चित्र सोनबांनी आणि मी मिळून टांगले. मग सरपंचांनी माझे नाव घेतले. खिशातला कागद मी काढला नाही, त्यावर एकच शब्द होता. मी सावधान उभा राहिलो आणि रिपोर्ट द्यावा तसे बोललो. किती वाजता सेक्शन निघाला, किती वाजता फायर सुरू झाला. गेनू सर्वांत पुढे होता. शत्रूची जागा दाखवणारा कागद माझा होता आणि तो चुकीचा होता. त्याआधी हे मी फक्त त्याच्या आईवडिलांना आणि माझ्या बायकोला सांगितले होते. मग तिन्ही नावे घेतली. नाईक गेनू सोनबा जाधव. शिपाई लक्ष्मण. शिपाई दत्तू.

टाळ्या वाजल्या नाहीत. मागच्या रांगेतला एक माणूस बाहेर निघून गेला. तो गेनूचा चुलतभाऊ, हे मला नंतर कळले. पुढे कितीतरी वर्षे तो माझ्याशी बोलला नाही, समोर आलो तर तोंड फिरवायचा. सोनबा जागचे हलले नाहीत. गेनूच्या आई दाराशी म्हणाल्या, "जेवून जावा." मी जेवलो.

तेव्हापासून दर सव्वीस जानेवारीला मी चिखलीला जातो. चालत जातो. सोनबा गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. म्हाताऱ्या आई मात्र दोघांचा आधार घेऊन शाळेत येतात आणि चित्रासमोर बसतात. गुरुजी बदलत राहतात. नवा आला की चित्र न्याहाळतो आणि मी चित्रकलेचा माणूस म्हणून अदबीने मला बाजूला घेऊन सांगतो. यंदाचे गुरुजी तर तरुण, उत्साही होते.

"मास्तर, चेहरा फार सुरेख आलाय. पण ते झाड पार काठाला गेलं की हो. निम्मं कापलंय. जरा आत हवं होतं."

मी उत्तर देणार, तेवढ्यात मागून आईंचा आवाज आला.

"ऱ्हाऊ द्या, गुर्जी. त्ये तिथंच हुतं."